काचेआडून क्रांती पाहणारा डॉक्टर

‘डॉक्टर झिवागो’वरचा सर्वांत जुना आक्षेप असा, की त्यातला नायक काही करतच नाही. महायुद्ध होतं, झारचं राज्य जातं, यादवी पेटते, घर जातं, बायको-मुलं परागंदा होतात, आणि युरी झिवागो आपला भिजल्या डोळ्यांनी बघत राहतो. तो लढत नाही, पळून जायचं ठरवत नाही, बायकोला धड सांगत नाही आणि प्रेयसीला धड अडवत नाही. १९६५ साली चित्रपट आला तेव्हा समीक्षकांनी त्याला झोडपलं, त्यात हा मुद्दा होताच. आजही कुणाला हा चित्रपट सुचवला, की तीन तासांनंतर हमखास हेच ऐकायला मिळतं: “दिसायला सुंदर आहे हो, पण तो माणूस फारच लेचापेचा!”

लेचापेचा आहे, मान्य. मात्र दिग्दर्शक डेव्हिड लीन हा काही गबाळा माणूस नव्हता. आधीच्याच ‘लॉरेन्स ऑफ अरेबिया’त त्याने वाळवंट पेटवणारा नायक उभा केला होता. पटकथाकार रॉबर्ट बोल्ट तोच, संगीतकार मॉरिस जार तोच, छायालेखक फ्रेडी यंग तोच. ही माणसं लागोपाठच्या दुसऱ्या चित्रपटात नायकाला कामाला लावायचं विसरली, हे पटत नाही. झिवागोला त्यांनी एक काम नेमून दिलेलं आहे. ते काम म्हणजे पाहणं. चित्रपट नीट बघितला तर कळतं, की तो जवळजवळ प्रत्येक मोठ्या क्षणी कशातून तरी पाहत असतो: खिडकीतून, ट्रामच्या काचेतून, मालगाडीच्या झरोक्यातून. मला हा चित्रपट क्रांतीचा किंवा प्रेमाचा वाटण्याआधी काचेचा वाटतो.

सुरुवातच पाहा. आईला पुरून आलेला सात-आठ वर्षांचा युरी परक्या घरात झोपायला जातो. बाहेर वारा आहे आणि झाडाची फांदी खिडकीवर टकटक करते आहे. मुलगा उठून काचेशी जातो. त्याआधी स्मशानात लीनने एक विलक्षण शॉट घेतला आहे. पेटीचं झाकण ठोकून झालं, माती पडली, आणि क्षणभर आपल्याला बंद पेटीतला आईचा चेहरा दिसतो. हा शॉट कुणाचा? कॅमेरा तिथे जाऊच शकत नाही. मुलाचं मन तिथे गेलंय. इथून पुढे चित्रपटभर आपण ज्याच्या डोळ्यांनी बघणार आहोत तो असा आहे: समोर आडोसा असला तरी आरपार बघणारा आणि तिथवर हात मात्र न पोचणारा. हे छोट्या युरीचं काम नायक झालेल्या ओमर शरीफच्या खऱ्या मुलाने, तारेकने केलं आहे. दोघांचे डोळे सारखे, त्यामुळे मोठा युरी येतो तेव्हा ओळख पटवावी लागत नाही.

आता मॉस्कोतली ती रात्र. बर्फाळ रस्त्यावरून मोर्चा येतोय, बाया-माणसं, झेंडे, वाजंत्री. एका उंची हॉटेलात बसलेल्यांना गाणं ऐकू येतं, घटकाभर सगळे गप्प होतात, मग कोमारोव्हस्की नावाचा एक बडा माणूस तिरकस शेरा मारतो आणि हशा पिकून काटे-चमचे पुन्हा वाजू लागतात. त्याच्यासमोर सतरा वर्षांची लारा, पुढे युरीची प्रेयसी होणारी, बसली आहे. इकडे युरी आपल्या घराच्या सज्जात उभा आहे. गल्लीच्या तोंडाशी घोडेस्वार तलवारी उपसतात आणि दौड सुरू होते. इथवर सगळं दाखवल्यावर, जिथे दुसऱ्या कुठल्याही दिग्दर्शकाने कॅमेरा गर्दीत घुसवला असता, तिथे लीन कॅमेरा वळवतो आणि युरीच्या चेहऱ्यावर ठेवतो. कत्तल आपल्याला ऐकू येते आणि त्याच्या डोळ्यांत दिसते. परत रस्ता दिसतो तेव्हा बर्फावर रक्त आहे, माणसं विखुरली आहेत, आणि युरी खाली धावून जखमींकडे वळतोय तोच त्याला घरात हाकललं जातं.

लीनने शरीफला या भूमिकेत अभिनय करू नकोस, फक्त बघ, अशा अर्थाचं काहीतरी सांगितलं होतं, असं शरीफच सांगत असे. सुरुवातीला तोही बिचारा घाबरला असावा, कारण बाकीचे सगळे नट रंगवून रंगवून कामं करत होते. कोमारोव्हस्की झालेला रॉड स्टायगर तर इंग्रज नटांच्या घोळक्यातला अमेरिकी, आणि खुर्ची, ग्लास, टोपी, सगळं वापरून प्रत्येक प्रसंग खाऊन टाकणारा. लाराचा भावी नवरा पाशा झालेला टॉम कोर्टनी ताठ मानेचा, पातळ ओठांचा. सासरा झालेला राल्फ रिचर्डसन नुसत्या भुवया उंचावून प्रसंग खिशात टाकतो. वरायकिनोच्या इस्टेटीवर पोचल्यावर वाड्याला जनतेच्या नावाने टाळं लागलेलं पाहून हा म्हातारा चिडतो आणि विचारतो, की अहो, मीसुद्धा जनताच नाही का? अशा सगळ्यांच्या मधोमध शरीफ स्थिर. पहिल्या वेळी बघताना तो फिका वाटतो. पुन्हा पाहताना लक्षात येतं, की बाकीचे ज्याच्यात उमटतात तो पृष्ठभाग हाच आहे.

चित्रपटातला माझा सर्वांत आवडता प्रसंग मात्र युरीचा नाही. लाराने पाशाला सगळं खरं खरं लिहून दिलंय: कोमारोव्हस्की, आईच्या दुकानाच्या आडोशाने सुरू झालेलं ते प्रकरण, सगळं. पाशा खोलीत बसून ते पत्र वाचतो आहे. आता हा प्रसंग म्हणजे संवादलेखकाला पर्वणीच. दोघं भांडतील, ती रडेल, तो ओरडेल. लीन कॅमेरा घेऊन रस्त्यावर उभा राहतो. खिडकीच्या काचेवर दाट हिमाचा थर आहे, आत काही दिसत नाही. मग आतल्या मेणबत्तीच्या धगीने काचेवर एक ठिपका वितळतो. ठिपक्याचं भोक होतं, भोक वाढतं, आणि त्या गोल चौकटीत आपल्याला पाशा दिसतो, कागद दिसतो, ती दिसते. शब्द एकही ऐकू येत नाही. तो वाचतो, थांबतो, तिच्याकडे पाहतो. आपण चोरून बघणाऱ्यासारखे थंडीत उभे. पुढे ज्याचं मन दगड होणार आहे त्या माणसाच्या आयुष्यातला हा बहुधा शेवटचा मऊ क्षण, आणि तो आपल्याला हातभर रुंदीच्या वितळलेल्या वर्तुळातूनच मिळतो. बर्फ पुन्हा धरलं की संपला.

पाशाची काच वेगळी आहे. तो चष्मा लावतो. महायुद्धात आघाडीवर तो सैनिकांना हाका मारत पुढे धावतो, तोफगोळा फुटतो, आणि पडद्यावर उरतो तो बर्फात पडलेला चष्मा. आपल्याला वाटतं, मेला. मेलाच म्हणायचा. कारण पुढे लाल झेंडे लावलेल्या चिलखती आगगाडीतून धडधडत जो जातो तो स्त्रेल्निकोव्ह आहे, पाशा नाही. त्याच्या डब्यात युरीची चौकशी होते तेव्हा हा माणूस युरीच्या कवितांबद्दल बोलतो आणि थंडपणे सांगून टाकतो, की खासगी आयुष्य आता या देशात उरलेलं नाही, इतिहासाने ते मारलंय. राग येतो, पण कोर्टनी ते वाक्य खलनायकासारखं म्हणत नाही. पोळलेल्या नवऱ्यासारखं म्हणतो. इथे बोल्टच्या लेखणीला दाद द्यावी लागते. हा लेखक तरुणपणी कम्युनिस्ट पक्षात होता, आणि ‘लॉरेन्स’ची पटकथा लिहीत असतानाच अण्वस्त्रविरोधी निदर्शनांपायी तुरुंगात जाऊन आला होता. क्रांतीचं वेड आतून ठाऊक असलेल्या माणसानेच स्त्रेल्निकोव्ह असा लिहावा. त्याचं क्रौर्य दाखवताना तो त्याच्या स्वच्छपणाचीही आठवण ठेवतो.

क्रांतीवर हा चित्रपट अन्याय करतो का? थोडा करतो. कामगार, सैनिक, शेतकरी हे इथे बहुतेकदा जमाव म्हणून येतात, माणूस म्हणून नाही. भूक दिसते, पण ती कुणी कुणावर लादली याचा हिशेब फारसा मांडला जात नाही. तरी एकच प्रसंग अपवाद म्हणून पुरेसा आहे. युद्धावरून युरी घरी परततो तर सासऱ्यांच्या वाड्यात तेरा कुटुंबं बसवलेली. समितीची माणसं जिन्यात उभी राहून हे त्याला सुनावतात, तो काय बोलतो ते बघायला टपलेली. आणि युरी म्हणतो, हे बरं झालं, हे जास्त न्यायाचं आहे. त्याला ते खरंच वाटतंय. पण तो म्हणतो त्या सुरातला चांगुलपणाच त्यांना खटकतो, आणि आपल्यालाही कळतं, की या माणसाचं या नव्या जगात कठीण आहे. राजकारणावरच्या दहा भाषणांचं काम हा मिनिटभराचा प्रसंग करतो.

आघाडीवरचा तो पिंपाचा प्रसंगही असाच. पळून निघालेले सैनिक आणि आघाडीकडे निघालेली ताजी तुकडी रस्त्यात समोरासमोर येतात. एक अधिकारी त्यांना समजवायला पिंपावर चढतो. बोलता बोलता झाकण मोडतं आणि तो पाण्यात. सगळे हसतात, आपणही हसतो, आणि त्याच हसण्यात गोळी सुटते. शिस्त कोसळली हे सांगायला पडद्यावर एवढंच: एक ओला माणूस आणि क्षणभर उशिरा थांबलेलं हसू. याच गोंधळात जखमी पडतात, आणि डॉक्टर झिवागोच्या मदतीला नर्सच्या वेषातली लारा येते.

रंगांबद्दल बोललंच पाहिजे. कलादिग्दर्शक जॉन बॉक्सने मॉस्को उभं केलं ते माद्रिदजवळ, फ्रँकोच्या स्पेनमध्ये. रशियात चित्रीकरणाचा प्रश्नच नव्हता. मूळ कादंबरीच तिथे बंद होती. बोरीस पास्तरनाकचं हस्तलिखित मॉस्कोत नाकारलं गेलं, ते १९५७ साली इटलीत छापलं गेलं, पुढच्या वर्षी नोबेल जाहीर झालं आणि ते नाकारायला त्याला भाग पाडण्यात आलं. १९६० मध्ये तो वारला. आपल्याकडे सोव्हिएत पुस्तकांच्या प्रदर्शनांतून स्वस्तात मिळालेले टॉलस्टॉय, गॉर्की ज्यांच्या कपाटात अजून आहेत, त्यांच्या त्या गठ्ठ्यात झिवागो नव्हता, तो याच कारणाने. तेव्हा रशियाचं हिम स्पेनच्या उन्हात करावं लागलं: संगमरवराची भुकटी पसरून आणि मेण वापरून. आगगाडीचे काही भाग फिनलंडमध्ये घेतले, तिथलं हिम खरं. पण वरायकिनोचा तो गोठलेला वाडा, जिथे झुंबरापासून खुर्चीच्या पाठीपर्यंत सगळ्यावर बर्फाची साय धरली आहे, तो मेणाचा आहे. हे माहीत असूनही अंगावर काटा येतो. फरकोटांखाली घामाघूम झालेले नट थंडीने कुडकुडताना पाहून त्यांच्या कष्टांचं कौतुक वाटतं ते वेगळंच.

या राखाडी-पांढऱ्या जगात पिवळा रंग लीन अगदी मोजून देतो. युद्धकाळातल्या इस्पितळातून लारा निघून जाते. दोघांत काहीही घडलेलं नाही. तो रिकाम्या खोलीत परततो. फुलदाणीत सूर्यफुलं आहेत, आणि त्यांच्या पाकळ्या गळून पडताहेत, जणू फुलं रडताहेत. आज हे कुणी केलं तर आपण म्हणू, जरा जास्तच झालं. तेव्हाही जास्तच होतं. पण मग खूप वेळाने, लांबच लांब हिवाळ्यानंतर, वरायकिनोला डॅफोडिल्सचा तो पिवळाधमक पट्टा उघडतो आणि आपल्याला कुणी सांगावं लागत नाही, की आता हा लाराकडे जाणार. बाजूच्या गावी, वाचनालयात, ती भेटतेच. रंगाने कथा पुढे ढकलायची ही किमया यंगची. त्या वर्षी त्याला ऑस्कर मिळालं. एकूण पाच मिळाली, त्यात सर्वोत्कृष्ट चित्रपटाचं नव्हतं. ते ‘द साऊंड ऑफ म्युझिक’ला गेलं.

आता टोन्या. झिवागोच्या बायकोवर रसिकांनी कायम अन्याय केलाय, कारण सगळं लक्ष लारा झालेल्या ज्युली ख्रिस्तीकडे. (आसाममधल्या चहामळ्यावर जन्मलेली ही मुलगी, त्याच समारंभात तिला अभिनयाचं ऑस्कर मिळालं, पण ‘डार्लिंग’साठी.) टोन्या झालेली जेराल्डिन चॅप्लिन पॅरिसहून गुलाबी पोशाखात गाडीतून उतरते तेव्हा दुनियेत काही बिघडलेलं नाही. त्यानंतर प्रत्येक प्रसंगात तिचा एकेक रंग उतरत जातो, आणि मालगाडीच्या डब्यात, पेंढ्यावर, अनोळखी माणसांच्या गर्दीत ती बसते तेव्हा तक्रारीचा सूर नाही. लाराला ती फक्त एकदा भेटते, तीही पडद्यावर नाही, पत्रात. त्या पत्रात ती लाराला चांगली बाई म्हणते. ज्या चित्रपटात सगळे एकमेकांकडे काचेतून बघतात, तिथे सरळ समोरून बघणारी ही एकटी.

मॉस्कोहून वरायकिनोला जाणाऱ्या त्या गाडीचा प्रवास हा चित्रपटाचा कणा. दार सरकवलं तर बाहेर बर्फाची भिंत, ती फोडायची तेव्हा उजेड. साखळदंडातला एक अराजकवादी ओरडतो, की या गाडीत स्वतंत्र माणूस मी एकटाच. तो क्लाऊस किन्स्की. दोन-चार मिनिटांचं काम, पण विसरता येत नाही. जळालेल्या गावातून एक बाई गाडीमागे धावते, कवटाळलेलं मूल वर घ्यायला हात पुढे करते. तिला वर ओढतात, आणि मूल मेलेलं असतं. आणि युरी? झरोक्यातून चंद्र बघतो. इथे मलाही त्याचा राग येतो. पण कवी हा कवीच, आणि कविता होण्याआधी ती अशीच दिसते, म्हणजे काहीच न करणाऱ्या माणसासारखी.

याच ठिकाणी चित्रपटाची खरी उणीव आहे. युरी मोठा कवी आहे असं सगळे सांगतात, पण त्याची एकही कविता आपल्या कानी पडत नाही. कादंबरीच्या शेवटी पास्तरनाकने त्याच्या कविता जोडल्या आहेत, आणि त्या वाचल्याशिवाय कादंबरी पुरी होत नाही. पडद्यावर आपण त्याला रात्री, लांडग्यांच्या ओरडण्यात, मेणबत्तीपाशी लिहिताना पाहतो, वर लाराचं नाव दिसतं, बस. त्या रिकाम्या जागी जारची धून येते. ती बालालायकाची धून अप्रतिम आहे, जगभर गाजली, पण इतक्या वेळा येते, की उत्तरार्धात ती भावनेच्या आधी पोचायला लागते. माझ्या मते तिच्यातली निम्मी ठिकाणं शांत ठेवली असती तर उरलेली दुप्पट लागली असती. दुसरी खटकणारी गोष्ट कोमारोव्हस्की आणि लाराच्या प्रकरणाची. तो तिच्यावर बळजबरी करतो आणि वर तिलाच ते कबूल करायला लावतो. चित्रपट तिच्या बाजूने आहे, पण कॅमेरा त्याच्या रुबाबावर जरा जास्तच रेंगाळतो. ख्रिस्तीच्या डोळ्यांत जो अपमान साचतो तोच काय तो न्याय करतो.

युरीचा सावत्र भाऊ येव्ग्राफ याचं निवेदनही पुष्कळांना सोयीस्कर क्लृप्ती वाटतं. पण एक जागा बघा. युरी सरपणासाठी कुंपणाच्या फळ्या चोरताना सापडतो, मग हा भाऊ, पोलिसी अधिकारी, घरी येतो. अलेक गिनेस पडद्यावर एक शब्द बोलत नाही. त्याने काय म्हटलं ते त्याचाच निवेदक आवाज सांगतो, आणि समोरची माणसं त्या न ऐकलेल्या वाक्यांना उत्तरं देतात. सत्तेचा माणूस घरात आला की संभाषण कसं होतं, ते इतकं नेमकं मी फार थोड्या ठिकाणी पाहिलंय.

शेवटाकडे काचा एकेक करून फुटू लागतात. लारा घसरगाडीतून निघते, युरी मागून येईन असं खोटंच सांगून थांबतो, आणि मग वर धावतो. खिडकी गोठलेली, उघडेना, तो काच फोडतो. आयुष्यात त्याने स्वतःहून केलेली ही पहिली मोठी हालचाल, आणि तीही फक्त बघायला. दूरवर पांढऱ्यात एक ठिपका जातोय. वर्षांनंतर मॉस्कोच्या ट्राममध्ये त्याला बाहेर चालणारी लारा दिसते. ऐन तारुण्यात, एकमेकांना ओळखतही नव्हते तेव्हा, अशाच एका ट्राममध्ये त्यांचा ओझरता स्पर्श झाला होता आणि वरच्या तारेवर ठिणगी उडाली होती. आता मध्ये काच आहे आणि गर्दी आहे. तो कसाबसा उतरतो, दोन पावलं धावतो, छाती धरून कोसळतो. ती वळूनही बघत नाही, कारण तिला कळलेलंच नाही. आयुष्यभर पाहणारा माणूस एकदाच पाहण्यावरून करण्यावर आला, आणि तेवढ्यानेच मेला.

कादंबरी सोव्हिएत रशियात १९८८ साली छापली गेली, चित्रपट तिथे १९९४ साली दाखवला गेला. आपल्याला तो आज घरबसल्या मिळतो, आणि तिथेच घोटाळा होतो. फोनच्या पडद्यावर ती वितळणारी काच नखाएवढी दिसते. एखाद्या चित्रपट मंडळात, संग्रहालयात, महोत्सवात लागला तर सुट्टी टाकून जा. नाहीतर घरातल्या सर्वांत मोठ्या पडद्यावर, दिवे मालवून, सव्वातीन तास सलग काढा. सुरुवातीला चित्र दिसण्याआधी नुसतं संगीत वाजतं ते पुढे सरकवू नका, आणि मध्यंतर येईल तिथेच उठा. पुस्तक आधी की चित्रपट आधी, असं विचाराल तर चित्रपट आधी. पुस्तक आधी वाचलंत तर लीनने काय काय गाळलं तेच मोजत बसाल. चित्रपट आधी पाहिलात तर कविता वाचायला पुस्तकाकडे जावंच लागेल.